खाडाखोड केल्यास शेजारी सही

"दात दिसतायत," काचेपलीकडचा माणूस म्हणाला.

धाकटीने चटकन तोंडावर हात ठेवला. मग तिच्या लक्षात आलं, की तो तिच्याबद्दल नाही, तिच्या फोटोबद्दल बोलतोय.

"हसलेय मी," ती म्हणाली. "हसलं की दिसतात."

"हसायचं नाही. तोंड मिटलेलं, चेहरा सरळ, कपाळावर केस नकोत. यादीत आहे... पान दोन."

खरं तर तिचं टोकन तीन नंबरच्या खिडकीचं होतं. पण तीन नंबरचा प्रिंटर कागद गिळून बसला, भिंतीवरचा लाल आकडा लुकलुकला आणि तिला चार नंबरपुढे जाऊन उभं राहावं लागलं. त्या प्रिंटरला तिने पुढे अनेकदा शिव्या दिल्या. नंतर नंतर जरा कमी दिल्या, पण ती फार पुढची गोष्ट.

युरोपातल्या एका लहानशा देशात जायचं असेल, तर व्हिसाचा अर्ज या हॉलमध्ये द्यावा लागे. व्हिसा द्यायचा की नाही ते तिकडची वकिलात ठरवायची. इथल्या सात खिडक्यांमागच्या माणसांनी फक्त कागद तपासायचे आणि पुढे धाडायचे. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र, आणि प्रत्येकाच्या छातीशी पारदर्शक फाईल. परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे सगळे गप्प.

"आणि हे काय?" चार नंबरने अर्जावर बोट ठेवलं. बोट लांब होतं, नख स्वच्छ कापलेलं. "इथे तारीख खोडलीय."

"चुकली म्हणून खोडली. वर बरोबर लिहिलीय की."

"खाडाखोड केल्यास शेजारी सही लागते. नाहीतर ती तुम्ही केली की आणखी कुणी, हे कसं कळणार?"

"माझ्या अर्जावर कोण येऊन खोडणार आहे?"

"ते मला माहीत नाही," तो शांतपणे म्हणाला, "म्हणूनच सही."

त्याने एक छोटंसं चिमट्यासारखं अवजार काढलं आणि तिच्या कागदांना मारलेल्या पिना एकेक करून उपटायला सुरुवात केली. धाकटीला सवयच होती. दोन कागद दिसले की ती पिन मारायची. त्याने एकोणीस पिना काढल्या, एका वाटीत ठेवल्या, कागद टेबलावर ठोकून सरळ केले आणि काचेखालच्या फटीतून परत ढकलले.

"पुढची तारीख घ्या. बारा दिवसांनी मिळेल."

"बारा? अहो, ताईचं बाळंतपण आहे, बावीसची तारीख दिलीय! फोटो खालच्या दुकानात दहा मिनिटांत काढून आणते मी."

"आजच्या तारखेला एकदाच येता येतं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रांगेत मागे चाळीस माणसं होती. ती दातओठ खात बाहेर पडली. जाता जाता एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात राहून गेली. हा माणूस बोलतानासुद्धा ओठ फार उघडत नाही. काहीतरी लपवतोय.

दातांकडे लक्ष जाणारच. तो तिचा धंदा होता. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची. फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या पायाशी नावाची चिठ्ठी, आणि खिडकीत वाळत घातलेल्या गुलाबी हिरड्या. माणसाचा चेहरा ती विसरेल, पण दात नाही.

"काय झालं?" फोनवर ताईने विचारलं.

"हसले म्हणून परत पाठवलं."

"तू आणि हसलीस? सरकारी जागेत?"

"ताई, तू आता टोमणे मारू नकोस. तुझी तारीख काय म्हणाले डॉक्टर?"

"बावीसच. अजून दहा आठवडे आहेत गं. नाही जमलं तर नाही जमलं. शेजारीण आहे, ती येईल हॉस्पिटलात."

ताई हे अगदी सहज म्हणाली. ताईचा नवरा जहाजावर होता, मूल झाल्यावर महिन्याने पोचणार होता. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि ताई पंधराची. वेणी घालण्यापासून तापात रात्ररात्र कपाळावर घड्या ठेवण्यापर्यंत सगळं ताईने केलं. त्या ताईच्या उशाशी बाळंतपणात शेजारीण उभी राहणार? आणि का, तर फोटोत दात दिसले म्हणून. धाकटीने फोन ठेवला आणि समोरच्या एका प्लॅस्टरच्या जबड्याला म्हणाली, "जाऊन दाखवते."

दुसऱ्या खेपेला फोटोत ती नुकतीच पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती. चार नंबरने तो निरखून पाहिला.

"उत्तम," तो म्हणाला.

"हा उत्तम?"

"यादीप्रमाणे उत्तम," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "...पहिला जास्त चांगला होता."

धाकटी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तो पुन्हा खिडकीमागचा माणूस झाला. "प्रवासाचा विमा परतीच्या दिवसापर्यंतचाच आहे. त्यावर पंधरा दिवस जास्त हवेत."

"मी परतल्यावर पंधरा दिवस मला तिकडे काय होणार आहे?"

"विमान चुकलं तर? आजारी पडलात तर?"

"आजारी मी इथेच पडेन असं दिसतंय."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण दात दिसले नाहीत. तो मान खाली घालून पिना काढू लागला. या वेळी चौदा होत्या.

"पाच कमी झाल्या," तो म्हणाला.

"मोजता तुम्ही?"

"...सवय आहे."

पुढची तारीख तेरा दिवसांनंतरची मिळाली. धाकटीने दाराबाहेर जाऊन भिंतीवर हळूच डोकं आपटलं. शेजारी उभ्या असलेल्या माणसानेही तेच केलं.

तिसऱ्या खेपेला घोळ तिने स्वतः घातला. धांदलीत तिच्या पिशवीत दोन सारखी तपकिरी पाकिटं आली होती. चार नंबर म्हणाला, "बँकेची पानं," आणि तिने एक पाकीट फटीतून सरकवलं. त्याने ते उलटं केलं. टेबलावर टक्क असा आवाज झाला.

वरच्या जबड्याची अख्खी कवळी त्याच्याकडे बघून हसत होती.

रांगेतल्यांनी माना उंचावल्या. चार नंबरने कवळीकडे पाहिलं, मग यादीकडे, मग पुन्हा कवळीकडे.

"हे," तो गंभीरपणे म्हणाला, "यादीत नाही."

आणि मग तो हसला. अगदी तोंड उघडून, डोकं मागे टाकून, माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. धाकटीने तेव्हा पाहिलं... वरचा डावा सुळा शेजाऱ्याच्या किंचित पुढे आलेला, गर्दीतून वाकून बघणाऱ्या पोरासारखा. एवढ्यासाठी हा माणूस ओठ मिटून बसतो? तिला उगाचच तो दात फार आवडला. धंद्यात असा दात कुणी मागत नाही. सगळ्यांना सरळ रांग हवी असते.

"कुणाचे आहेत?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"मास्तरांचे. निवृत्त हेडमास्तर आहेत. उद्या बसवायचेत. खालचे अजून माझ्याकडे मेणात आहेत." ती लाजेने लालबुंद झाली होती. "द्या इकडे. आणि आता सांगा काय कमी आहे. काहीतरी असेलच."

त्याने कवळी दोन्ही हातांनी, पाहुण्याला चहा द्यावा तशी परत केली. मग फाईल उघडली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"परत येण्याचा पुरावा."

"परतीचं तिकीट आहे की."

"ते आरक्षण. तुम्ही इकडे परत याल याचं कारण हवं. नवरा, मुलं, स्वतःचं घर, कायमची नोकरी..."

"नवरा नाही. घर भाड्याचं. नोकरी नाही, स्वतःचं काम आहे. आईवडील नाहीत." एकेक सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला. आपलं इथे काहीच नाही, हे असं टोकन घेऊन, काचेतून, रांगेदेखत कबूल करावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. "म्हणजे मी परत आले नाही तर कुणाचं काही अडत नाही, असंच ना?"

चार नंबरने माईक बंद केला. मग तो फटीजवळ वाकला.

"सल्ला द्यायला आम्हाला बंदी आहे," तो म्हणाला. "फक्त प्रश्न विचारता येतात. म्हणून विचारतो... मास्तर खालच्या दातांशिवाय जेवणार कसे?"

तिने हातातल्या पाकिटाकडे पाहिलं.

"असे किती जण आहेत?" त्याने विचारलं.

"सव्वीस."

"हं," तो म्हणाला, माईक चालू केला आणि मोठ्याने ओरडला, "पुढची तारीख घ्या."

बाहेर पडताना ती कॉफीच्या यंत्रापाशी थांबली. नाणं काही केल्या आत जाईना. जेवणाची सुट्टी झाली असावी, कारण शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. तो होता. काचेविना तो बराच उंच निघाला. तिच्याकडे न बघता तो यंत्राच्या बटणांकडे बघत म्हणाला, "अर्जदारांशी बाहेर बोलायलाही बंदी आहे. मी यंत्राशी बोलतोय."

धाकटीने भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे तोंड वळवलं. "मग यंत्राला विचारा, की तीन नंबर सगळ्यांचे अर्ज घेतात. कागद कमी असले तरी घेतात, 'मला कल्पना आहे' अशी सही घेऊन. माझ्याच वाट्याला हे आडमुठं यंत्र का आलं?"

"घेतात. मग तिकडून नकार येतो. एकदा नकाराची नोंद झाली, की पुढच्या अर्जात आधी त्याचंच उत्तर द्यावं लागतं." त्याने आपलं नाणं टाकून बटण दाबलं. "ताईंची तारीख बावीस आहे. दुसऱ्यांदा अर्ज करायला वेळ नाहीये... यंत्राला."

धाकटीने सूचनाफलकावरची एकच ओळ तीनदा वाचली. बावीस. तिने ते फक्त एकदा, पहिल्या दिवशी, रागाच्या भरात सांगितलं होतं.

"यंत्र कधी गेलंय का तिकडे?" तिने विचारलं.

"यंत्राकडे पासपोर्टसुद्धा नाही. चार वर्षं खिडकीत आहे. तिथल्या सगळ्या गावांचे पत्ते पाठ आहेत, पण..." त्याने खांदे उडवले. "कुणी बोलावलं नाही कधी."

कॉफी सांडून वाहायला लागली होती. कपच ठेवलेला नव्हता.

त्यानंतरचे अकरा दिवस धाकटीने नुसते दाताच्या कण्या केल्या. दंतवैद्याकडून पत्र घेतलं, सव्वीस गिऱ्हाइकांची यादी टाईप केली, प्रत्येकाकडून सही आणली. मास्तरांनी मात्र स्वतः पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात. 'माझा खालचा जबडा सध्या या मुलीच्या ताब्यात आहे. तिने परत यावे ही माझी इच्छा नसून निकड आहे.'

"पोरी, एक विचारू?" पत्राची घडी घालत मास्तर म्हणाले. "तो खिडकीतला गृहस्थ... एवढा त्रास देतो म्हणतेस, तर दर वेळी त्याच्याचकडे कशी जातेस? माझ्या माहितीप्रमाणे टोकन बदलून मिळतं."

"मास्तर, तोंड उघडा बघू. माप घ्यायचंय."

"मागच्याच आठवड्यात घेतलंस."

"उघडा."

चौथी खेप. ताईच्या तारखेला साडेचार आठवडे उरलेले. अर्ज निकाली निघायला तीन आठवडे लागत. आजनंतरच्या सगळ्या तारखा भरलेल्या होत्या, म्हणजे आज नाही तर नाहीच. अर्ज बारापर्यंत घेत. अकरा पंचवीसला ती चार नंबरपुढे उभी राहिली.

तो एकेक पान उलटत गेला. विमा, पंधरा दिवस वर. बँक. ताईचं आमंत्रणपत्र. सव्वीस सह्या. मास्तरांचं पत्र त्याने दोनदा वाचलं. त्याने सवयीने चिमटा हातात घेतला आणि थांबला.

"पिना नाहीत," तो म्हणाला. आवाजात चक्क दुःख होतं.

"एकही नाही. सगळं बरोबर आहे ना?"

"सगळं बरोबर आहे. इतकी नीट फाईल मी चार वर्षांत पाहिली नाही." त्याने कागद टेबलावर ठोकून सरळ केले. शेवटचं एक पान त्याच्यापुढे होतं, त्याने स्वतः सही करायचं. पेन उघडलं. पेन मिटलं. कान लाल झाले. "पण मी हा अर्ज घेऊ शकत नाही."

"काय?"

"मी... नाही घेऊ शकत. दोन मिनिटं थांबा. कृपा करून जाऊ नका." आणि त्याने काचेवर पाटी लावली, खिडकी बंद, आणि फाईल उचलून आत निघून गेला.

धाकटी त्या पाटीकडे बघत उभी राहिली. अकरा चाळीस. घड्याळाचा काटा सरकत होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी जमत होतं, रागाचं की आणखी कशाचं तिलाही सांगता आलं नसतं. याच माणसावर आपण भरवसा ठेवला. अकरा दिवस त्याचा तो वेडावाकडा सुळा आठवत बसलो. म्हणतात ना, खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. आपल्याला दातांतलं कळतं म्हणे.

"तुम्हीच का त्या कवळीवाल्या?"

सात नंबरच्या खिडकीतून एक बाई बोलावत होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात धाकटीची फाईल आणि वर एक पिवळा फॉर्म. या सगळ्या खिडक्यांच्या वरिष्ठ होत्या. हॉलमध्ये सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत.

"या इकडे. रडू नका, अर्ज मी घेणार आहे. आधी हे उरका. अर्ज घेताना आमच्या माणसाला एक सही करावी लागते, की 'अर्जदाराशी माझा काहीही संबंध नाही.' चार वर्षांत त्याने एकही खोटी सही केली नाही. आज करवेना म्हणाला."

"पण संबंध... आमचा काय संबंध?"

"तेच या फॉर्मवर लिहायचं असतं." मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला आणि त्यांच्या नेहमीच्या, सात खिडक्यांना पुरेल अशा आवाजात वाचलं, "संबंधाचे स्वरूप. नातेवाईक, शेजारी, सहकारी, इतर. 'इतर'वर खूण आहे. इतर असल्यास तपशील... 'एकतर्फी. अर्जदाराला कल्पना नाही.'"

रांगेतलं कुणीतरी खाकरलं. तीन नंबरने शिक्का मारायचा हात हवेतच ठेवला.

धाकटीने बाईंच्या मागे पाहिलं. आतल्या दाराशी, फायलींच्या कपाटाला टेकून, चार नंबर उभा होता. चेहरा अगदी यादीप्रमाणे, सरळ, तोंड मिटलेलं. फक्त कान तेवढे पेटलेले होते.

"हे तोंडाने सांगता येत नव्हतं?" तिने विचारलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"अर्जदारांशी बोलायला बंदी आहे," मोठ्या बाईंनीच उत्तर दिलं. "खाली तुमची सही लागते, माहिती बरोबर असल्याची. चूक असेल तर दुरुस्त करा. लवकर, बारा मिनिटं आहेत."

दोरीला बांधलेलं पेन तिने उचललं. चार खेपा, तेहेतीसहून जास्त पिना, भिंतीवर आपटलेलं डोकं, सगळं तिला आठवलं. आणि हेही आठवलं, की तिसऱ्या खेपेला निघताना तिने नवा कुर्ता घातला होता, ज्याची व्हिसाच्या यादीत काहीच गरज नव्हती. हा आडमुठा माणूस तिला आवडत होता. फार आवडत होता, आणि त्याने ते सगळ्या हॉलदेखत एका पिवळ्या कागदावर विचारलं होतं.

तिने 'एकतर्फी' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. पुढच्या वाक्याला हात लावला नाही. ते खरंच होतं, निदान पाच मिनिटांपूर्वीपर्यंत.

"अहो," मोठ्या बाई म्हणाल्या, "खाडाखोड केल्यास..."

"शेजारी सही," धाकटी म्हणाली. "माहितीये मला."

आणि तिने सही केली. पूर्ण नावाची, पासपोर्टवर आहे तशी, एकही अक्षर न गाळता. मोठ्या बाईंनी फॉर्म उचलून कपाटाच्या दिशेने धरला. तिथे कुणीतरी तोंड उघडून हसलं, आणि हॉलमधल्या चाळीस माणसांनी तो सुळा पाहिला.

पासपोर्ट तीन आठवडे आणि दोन दिवसांनी आला. धाकटी पोचली ती अठरा तारखेला. बाळाने बावीसचीही वाट पाहिली नाही, वीसलाच आलं. हॉस्पिटलात ताईचा हात धाकटीच्या हातात होता, आणि ताईने तो इतका आवळला, की दोन दिवस तिला पेला उचलता आला नाही.

"एकही दात नाही," भाचीला उचलून धाकटी म्हणाली. "माझं सगळ्यात लहान गिऱ्हाईक."

"आता राहा महिनाभर," ताई म्हणाली. "की परत जायची घाई आहे?"

"मास्तरांचा खालचा जबडा राहिलाय."

"अच्छा. मास्तरांचा." ताईने डोळे मिटले आणि झोपेतच हसली.

विम्याचे वरचे पंधरा दिवस कामाला आले नाहीत. ठरल्या दिवशी, ठरल्या विमानाने धाकटी परतली. बाहेर येणाऱ्यांच्या कठड्यापाशी तो उभा होता. काच नाही, माईक नाही, दोघांच्या मध्ये नुसती तिची बॅग. आता बोलायला बंदी नव्हती, तर दोघांनाही काही सुचेना.

"काय झालं?" शेवटी तीच म्हणाली. "चेहरा का असा?"

त्याने पाठीमागचा हात पुढे केला. हातात एक अर्ज होता. पासपोर्टचा, पहिल्यांदाच काढायचा.

"ताईंचं पत्र आलं," तो म्हणाला. "आमंत्रणाचं. बाळ बघायला दोघांनी या म्हणून. म्हटलं, निदान पासपोर्ट तरी... पण परत पाठवला त्यांनी."

"का?"

त्याने अर्ज उलटा करून दाखवला. कोपऱ्यात फोटो होता. त्यात तो मोकळेपणाने, सुळ्यासकट हसत होता, आणि शेजारी लाल पेनाने कुणीतरी गोल काढला होता.

"दात दिसतायत म्हणाले," तो वैतागून म्हणाला. "पुढची तारीख वीस दिवसांनी आहे. हा काय नियम झाला?"

धाकटीने तो फोटो अर्जावरून अलगद सोडवला आणि आपल्या पासपोर्टच्या पानात ठेवला.

"हा माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "चला, खालच्या दुकानात दुसरा काढू. तिथे मी समोर उभी राहणार नाही, नाहीतर पुन्हा हसाल."